औषधी पानांतील रसायने आणि प्रतिऑक्सिडीकारक गुण : प्रयोगापासून मराठी वाक्यापर्यंत

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
- वनस्पतींच्या पानांतील प्रमुख रासायनिक गटांचा परिचय करून देता येईल.
- पानांचा अर्क काढण्याच्या पारंपरिक आणि प्रयोगशाळेतील पद्धतींमधील साम्यभेद सांगता येतील.
- प्रतिऑक्सिडीकारक गुणाची चाचणी काय मोजते आणि काय मोजत नाही, हे स्पष्ट करता येईल.
- संशोधनाचा निष्कर्ष मराठीत मांडताना त्याची मर्यादा सांभाळता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात विज्ञानविषयक लेखनाला महत्त्वाचे स्थान आहे. असे लेखन करणारी व्यक्ती वैज्ञानिकच असते असे नाही. वृत्तपत्राचा ग्रामीण वार्ताहर, आकाशवाणीसाठी संहिता लिहिणारा लेखक, बचत गटाच्या उत्पादनाचे माहितीपत्रक तयार करणारी कार्यकर्ती, हे सर्व जण कधी ना कधी विज्ञानाचे निष्कर्ष मराठीत आणतात. मराठीची पदवी घेतल्यानंतर हे काम तुमच्याकडेही येण्याची शक्यता आहे.

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव डोळ्यांसमोर आणा. कमी पावसाच्या या भागात कडुनिंब, तुळस, शेवगा, अडुळसा, रुई, आघाडा ही झाडेझुडपे लोकांच्या परिचयाची आहेत. कोणते पान कशासाठी वापरतात, हे घरातील आजीला ठाऊक असते. समजा, या गावातील एका विद्यार्थिनीच्या हाती शेवग्याच्या पानांवरील एक शोधनिबंध आला. पानांच्या मिथेनॉल अर्काने चाचणीत चांगला प्रतिऑक्सिडीकारक गुण दाखवला, असे त्यात नोंदवलेले आहे. तिने त्यावर बातमी लिहिली आणि मथळा दिला, ‘शेवग्याचा पाला मधुमेहावर रामबाण’. ती वाचून गावातील एखाद्या मधुमेही गृहस्थांनी रोजची गोळी बंद केली, तर दोष कोणाचा? शोधनिबंधाचा नाही. त्या चाचणीत मधुमेहाचा संबंधच आलेला नव्हता. दोष मथळ्यातील एका वाक्याचा आहे.

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंतचे अंतर त्या वाक्याने एका उडीत ओलांडले. ही उडी नेमकी कोठे पडते हे ओळखायचे असेल, तर पानातील रसायने आणि त्यांच्या चाचण्या यांची प्राथमिक ओळख आवश्यक आहे. ती करून घेऊन आपण पुन्हा या मथळ्याकडे येऊ.

२. विषय-विवेचन

२.१ पान रसायने का तयार करते?

पानात तयार होणाऱ्या द्रव्यांचे दोन वर्ग करता येतात. शर्करा, प्रथिने, स्निग्ध द्रव्ये यांच्याशिवाय वनस्पती जगूच शकत नाही. ही प्राथमिक द्रव्ये होत. दुसऱ्या वर्गातील द्रव्ये वनस्पतीच्या संरक्षणासाठी असतात. झाडाला जागा सोडून पळता येत नाही. कीड, चरणारी जनावरे, प्रखर ऊन आणि पाण्याचा ताण यांना ते रसायनांच्या साहाय्याने तोंड देते. या द्रव्यांना दुय्यम चयापचयी द्रव्ये म्हणतात. औषधी गुणांची चर्चा मुख्यतः याच द्रव्यांभोवती फिरते.

त्यांतील काही गट आपल्या जिभेला आणि नाकाला आधीपासून परिचित आहेत. अडुळशाच्या पानाचा कडवटपणा अल्कलॉइड गटातील द्रव्यांशी निगडित आहे. बाभळीची साल किंवा हिरडा तोंडात धरल्यावर जाणवणारा तुरटपणा टॅनिनांचा असतो. तुळशीचे पान चुरगळल्यावर येणाऱ्या वासात युजेनॉलसारख्या बाष्पनशील द्रव्यांचा वाटा असतो. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनांमुळे. शेवग्याच्या पानांत क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ही फ्लॅव्होनॉइडे, तसेच क्लोरोजेनिक आम्ल आढळते. फ्लॅव्होनॉइडे, टॅनिने आणि क्लोरोजेनिक आम्ल हे सर्व फिनॉलिक संयुगांच्या मोठ्या कुळात मोडतात. प्रतिऑक्सिडीकारक गुणाच्या दृष्टीने हे कूळ विशेष महत्त्वाचे आहे.

या द्रव्यांचे प्रमाण स्थिर नसते. पानाचे वय, ऋतू, जमीन, पाणी आणि पान वाळवण्याची रीत यांनुसार ते बदलते. पाण्याचा ताण पडल्यावर अनेक वनस्पतींत फिनॉलिक संयुगे वाढतात. म्हणून बेंबळीच्या कोरडवाहू शिवारातील पान आणि कोकणातील पान एकाच जातीच्या झाडाचे असले, तरी त्यांचे रासायनिक मोजमाप एकच येईल असे गृहीत धरता येत नाही. ‘या पानात अमुक द्रव्य इतके असते’ हे विधान करताना पान कोठले, कोणत्या महिन्यातील आणि कसे वाळवलेले, हे सांगितले नाही तर विधान अपुरे राहते.

२.२ नाव आणि ओळख

रसायनांपर्यंत जाण्यापूर्वी आणखी एक पायरी आहे. ज्या वनस्पतीविषयी आपण लिहितो, ती नेमकी कोणती? मराठीत एकाच नावाने एकाहून अधिक वनस्पती ओळखल्या जातात. ‘ब्राह्मी’ हे नाव बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन भिन्न कुळांतील वनस्पतींना दिले जाते. लोकभाषेतील नाव मौल्यवान आहेच, कारण ते परंपरेशी जोडलेले आहे. मात्र शास्त्रीय लेखनात त्याच्यासोबत शास्त्रीय नाव दिले नाही, तर वाचक भलतेच पान तोडण्याचा संभव असतो.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. कोविडच्या काळात रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी म्हणून गुळवेलीचा वापर फार वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यात गल्लत होऊ शकते, असे मंत्रालयाने म्हटले. या वादातील दोन्ही बाजूंकडून लेखकाला एकच धडा मिळतो. ‘गुळवेल’ एवढाच शब्द लिहिणे पुरेसे नाही. वनस्पतीची जात, वापरलेला भाग, मात्रा आणि किती दिवस घेतली, यांपैकी एकही गोष्ट गाळली तर वाचकाला सुरक्षित निर्णय घेता येत नाही.

२.३ अर्क : जुने शब्द आणि नवी उपकरणे

पानातील द्रव्ये पेशींमध्ये बंदिस्त असतात. ती बाहेर काढण्याच्या क्रियेला निष्कर्षण म्हणतात आणि मिळालेल्या द्रवाला अर्क. या बाबतीत आपली भाषा मुळीच दरिद्री नाही. चरकसंहितेत औषध तयार करण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत. ताज्या पानांचा पिळून काढलेला रस तो स्वरस. वाटून केलेला गोळा तो कल्क. पाण्यात उकळून आटवलेला तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला तो हिम आणि गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळलेला तो फांट. पाचही रीतींत पान तेच असले तरी द्रवात उतरणारी द्रव्ये वेगळी असतात, कारण उष्णता, वेळ आणि पाण्याचे प्रमाण बदलते.

प्रयोगशाळेत हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे वापरतात. पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या संदर्भात मांडलेले उपकरण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात द्रावक पुनःपुन्हा भुकटीतून पाझरतो. हेक्झेनमध्ये मेणासारखी व तेलकट द्रव्ये उतरतात. मिथेनॉल, इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात फिनॉलिक संयुगे चांगली उतरतात. मिथेनॉल हे विषारी द्रव्य आहे. त्यामुळे ‘मिथेनॉल अर्काने गुण दाखवला’ याचा अर्थ ‘घरचा काढा तोच गुण दाखवेल’ असा होत नाही.

जुना मजकूर बारकाईने वाचला तर निष्कर्षणाची दिशाच कशी बदलते, याचे उदाहरण चीनमध्ये घडले. हिवतापावरील औषध शोधताना तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीच्या अर्काचे परिणाम एकसारखे मिळत नव्हते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्याची रीत सांगितली आहे. त्यात उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क तू यूयू यांनी केला आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. त्यातूनच १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळे करण्यात आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका क्रियापदाची अनुपस्थिती वाचता येणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कौशल्य आहे. येथे ते विज्ञानाच्या कामी आले. मात्र पुढील टप्पाही विसरता कामा नये. ग्रंथातील उल्लेखावर विसंबून न राहता प्राण्यांवरील प्रयोग आणि नंतर रुग्णांवरील चाचण्या झाल्या, तेव्हाच ते औषध ठरले.

२.४ प्रतिऑक्सिडीकारक गुण म्हणजे काय?

शेंगदाण्याचे कूट बरेच दिवस राहिले की खवट होते. हवेतील ऑक्सिजनची स्निग्ध द्रव्याशी विक्रिया होऊन हा बदल घडतो. चिरलेले वांगे काळे पडते, कारण त्यातील क्लोरोजेनिक आम्लासारख्या फिनॉलिक संयुगांचे विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते. चिरलेल्या फोडी पाण्यात टाकण्याची रीत हवेचा संपर्क कमी करण्यासाठीच आहे.

शरीरातही ऑक्सिडीकरण सतत चालू असते. त्यात मुक्त मूलके तयार होतात. मुक्त मूलक म्हणजे ज्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असा अस्थिर कण. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि नुकसानीची साखळी सुरू होऊ शकते. जे द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते, त्याला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. बोलीत आणि जाहिरातींत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द रुळला आहे. फिनॉलिक संयुगांची रचना अशी असते की, हायड्रोजन दिल्यानंतरही उरलेला रेणू बऱ्यापैकी स्थिर राहतो. म्हणून ती हे काम चांगले करतात.

हा गुण मोजण्याची एक प्रचलित पद्धत डीपीपीएच चाचणी ही आहे. ब्लॉइस यांनी ती १९५८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. डीपीपीएच हे असे मुक्त मूलक आहे की, जे बाटलीत टिकून राहते. त्याचे द्रावण गडद जांभळे असते. अर्क मिसळल्यावर ते पिवळसर होत गेले, तर अर्काने मुक्त मूलकांना निष्प्रभ केले असा अर्थ होतो. रंगातील घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशमापीने मोजतात. उदाहरणादाखल समजा, अर्क न घातलेल्या द्रावणाचे प्रकाशशोषण ०.८० आहे आणि अर्क घातल्यावर ते ०.२० झाले. घट ०.६० झाली. ०.६० भागिले ०.८०, गुणिले १००, म्हणजे ७५ टक्के मूलके निष्प्रभ झाली.

निबंधांत पुष्कळदा ‘आयसी-५०’ हा आकडा असतो. निम्मी मूलके निष्प्रभ करण्यासाठी लागणारी अर्काची संहती तो दाखवतो. हा आकडा जितका लहान, तितका अर्क अधिक प्रभावी. घाईने वाचणारा लेखक नेमके याच ठिकाणी चुकतो. मोठा आकडा पाहून तो मोठा गुण समजतो आणि निष्कर्ष उलटा लिहितो.

२.५ चाचणी काय सांगत नाही?

डीपीपीएच हे मूलक मानवी शरीरात नसते. परीक्षानळीत पचनसंस्था, यकृत किंवा रक्तप्रवाह नसतो. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडांचा बराचसा भाग रक्तात जाण्यापूर्वी किंवा गेल्यावर बदलतो. म्हणून चाचणीतील ७५ टक्के हा आकडा शरीरात घडणाऱ्या परिणामाचा आकडा नव्हे.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक रोज २० मिलिग्रॅम दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेची आपली ‘ओरॅक’ सारणी मागे घेतली. परीक्षानळीतील आकडे उत्पादनांच्या जाहिरातींसाठी वापरले जात होते आणि आरोग्यावरील परिणामांशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नव्हता, हे त्यामागील कारण होते.

याचा अर्थ पानांत औषधी गुण नसतात असा मुळीच नाही. अडुळशाचेच उदाहरण घ्या. खोकल्यावर अडुळशाचा काढा देण्याची परंपरा जुनी आहे. या पानातील वॅसिसीन या अल्कलॉइडाच्या अभ्यासातून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले. येथे परंपरेने दाखवलेली दिशा योग्य ठरली. परंतु कफ सुटण्याचे श्रेय वॅसिसीनच्या विशिष्ट क्रियेला जाते, प्रतिऑक्सिडीकारक गुणाला नाही. डीपीपीएच चाचणी लाख वेळा केली तरी खोकल्याविषयी ती काही सांगणार नाही. शिवाय हेच वॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून गरोदर स्त्रियांनी अडुळसा वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ हे समीकरण याच पानाने खोटे ठरवले आहे.

२.६ निष्कर्ष मराठीत मांडताना

आतापर्यंतच्या विवेचनावरून विधानांच्या चार पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरीला स्वतःचे क्रियापद आहे.

पहिली पायरी परंपरेची : ‘बेंबळी परिसरात अमुक पान खोकल्यासाठी वापरले जाते.’ ही वापराची नोंद आहे. प्रत्यक्ष विचारून केलेली असेल तर ती खरी आणि जपण्याजोगी आहे. दुसरी पायरी घटकांची : ‘पानात फ्लॅव्होनॉइडे आढळतात.’ तिसरी पायरी चाचणीची : ‘अर्काने परीक्षानळीत मुक्त मूलकांना निष्प्रभ केले.’ चौथी पायरी उपचाराची : ‘या औषधाने रुग्णांमध्ये आजार कमी झाला.’ चौथे विधान रुग्णांवरील नियंत्रित चाचणी झाल्याशिवाय करता येत नाही. ‘वापरले जाते’, ‘आढळते’, ‘निष्प्रभ केले’ आणि ‘कमी झाला’ या चार क्रियापदांची अदलाबदल झाली की प्रामाणिक संशोधनही खोटे बोलू लागते.

इंग्रजी निबंधातून मराठीत येताना दोन शब्दांविषयी विशेष दक्षता घ्यावी. ‘सिग्निफिकंट’ याचे भाषांतर केवळ ‘लक्षणीय’ असे केल्यास वाचक ‘फार मोठा’ असा अर्थ घेतो. मूळ अर्थ ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’, म्हणजे केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता कमी असलेला, एवढाच असतो. ‘पोटेन्शियल’ हा शब्द बहुधा ‘शक्यता’ दर्शवतो. त्याजागी ‘सामर्थ्य’ लिहिले की शक्यतेची खात्री होते.

आता सुरुवातीच्या मथळ्याकडे परत या. तो असा लिहिता येईल : ‘शेवग्याच्या पानांच्या अर्कात प्रतिऑक्सिडीकारक गुण, प्रयोगशाळेतील निष्कर्ष’. बातमीच्या शेवटी एक वाक्य जोडावे : ‘ही चाचणी रुग्णांवर झालेली नाही, चालू असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.’ मथळ्यातील चमक थोडी कमी झाली. शेवग्याच्या पाल्याची भाजी मात्र पूर्वीइतकीच पौष्टिक राहिली आणि वाचकाची गोळी चालू राहिली.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. योग्य की अयोग्य ते सकारण सांगा : ‘अ’ अर्काचा आयसी-५० आकडा २० आणि ‘ब’ अर्काचा त्याच एककात ८० आहे, म्हणून ‘ब’ अधिक प्रभावी आहे.
२. हिम आणि क्वाथ यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
३. ‘मिथेनॉल अर्क’ आणि ‘घरचा काढा’ यांचे निष्कर्ष परस्परांना का लागू होत नाहीत?

३. सारांश

वनस्पती आपल्या संरक्षणासाठी अल्कलॉइडे, फिनॉलिक संयुगे, सॅपोनिने इत्यादी द्रव्ये तयार करतात. त्यांचे प्रमाण स्थळ, ऋतू आणि वाळवण्याच्या रीतीनुसार बदलते. अर्कात काय उतरते हे द्रावक व उष्णता यांवर अवलंबून असते. डीपीपीएचसारखी चाचणी परीक्षानळीतील एक रासायनिक क्रिया मोजते; रोग बरा होणे मोजत नाही. परंपरा, घटक, चाचणी आणि उपचार या चार पायऱ्यांवरील विधाने वेगळी ठेवणे ही विज्ञानविषयक मराठी लेखनाची पहिली शिस्त आहे. आपल्या वाक्यावर विसंबून कोणी औषध सुरू किंवा बंद करू शकतो, याचे भान लेखकाने सतत ठेवले पाहिजे.

४. पारिभाषिक शब्द

निष्कर्षण : द्रावकाच्या साहाय्याने वनस्पतीतील द्रव्ये बाहेर काढण्याची क्रिया.
द्रावक : ज्यात दुसरे द्रव्य विरघळते तो द्रव.
विकर : सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.
संहती : द्रावणाच्या ठरावीक आकारमानातील द्रव्याचे प्रमाण.

५. स्वाध्याय

१. ‘प्रतिऑक्सिडीकारक’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दांपैकी ग्रामीण वाचकांसाठीच्या लेखात तुम्ही कोणता वापराल? सुमारे १५० शब्दांत सकारण लिहा.
२. औषधी वनस्पतीविषयीची एखादी जाहिरात घेऊन तिच्यातील प्रत्येक विधान चारपैकी कोणत्या पायरीवर बसते ते दाखवा आणि ती जाहिरात योग्य क्रियापदे वापरून पुन्हा लिहा.

६. क्षेत्रीय कार्य

बेंबळी किंवा तुमच्या गावातील तीन ज्येष्ठ व्यक्तींना भेटून, त्यांची संमती घेऊन, त्यांच्या वापरातील पाच पानांची नोंद करा. प्रत्येक पानाचे स्थानिक नाव, वापरण्याचा भाग, तयार करण्याची रीत आणि कोणाला देऊ नये याविषयी त्या सांगत असलेली सूचना त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शास्त्रीय नावासाठी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांचे साहाय्य घ्या. नोंदीत ‘वापरले जाते’ याऐवजी ‘बरे होते’ असे कोठे लिहिले गेले आहे का, हे शेवटी तपासा.